विलीन झालेली बँक आणि तिचे कर्मचारी

राष्ट्रीयीकृत नसलेल्या बँकेचे विलीनीकरण कायद्याने दोन वाटांनी होते. बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम ४४अ खाली दोन्ही बँकांची संचालक मंडळे आपसांत ठरवतात, सभेत मत देणाऱ्या भागधारकांपैकी मूल्याने दोन तृतीयांशांची संमती घेतात आणि मग रिझर्व्ह बँक मंजुरी देते. कलम ४५ ची वाट वेगळी. अडचणीत आलेल्या बँकेवर रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून केंद्र सरकार सहसा मॉरेटोरियम लावते, व्यवहार गोठतात, आणि रिझर्व्ह बँकेने आखलेल्या योजनेनुसार ती बँक दुसऱ्या बँकेच्या हवाली होते. कर्मचाऱ्याला दोन्हीकडे मत नसते. तरीही आपली बँक कोणत्या वाटेने गेली हे त्याने पहिल्याच दिवशी विचारून घ्यायला हवे, कारण त्याचे हक्क त्यावर ठरतात.

दक्षिण महाराष्ट्रात या दोन्ही वाटांची विलीनीकरणे आठ महिन्यांच्या आत अमलात आली. कुरुंदवाडच्या गणेश बँकेवर जानेवारी २००६ मध्ये मॉरेटोरियम आला. तिला फेडरल बँकेत विलीन करण्याची योजना झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि विलीनीकरण २ सप्टेंबर २००६ रोजी अमलात आले. त्याच दिवशी साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर मॉरेटोरियम लागला, ठेवीदाराला दहा हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम काढता येईना, आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये गेली. सांगली बँक मात्र कलम ४४अ च्या वाटेने गेली. तिच्या आणि आयसीआयसीआय बँकेच्या संचालक मंडळांनी डिसेंबर २००६ मध्ये निर्णय घेतला. सांगली बँकेच्या ९२५ समभागांना आयसीआयसीआयचे १०० समभाग असे प्रमाण ठरले आणि १९ एप्रिल २००७ पासून राजवाडा चौकातल्या मुख्य कचेरीवरची पाटी बदलली.

या संस्था केवळ कंपन्या नव्हत्या. सांगली बँक १९१६ ची. युनायटेड वेस्टर्न अण्णासाहेब चिरमुले यांनी १९३६ मध्ये साताऱ्यात उभी केली. त्याआधी, १९१३ मध्ये, त्यांनी याच गावात वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली होती आणि १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात ती एलआयसीत गेली. मुलगा ‘वेस्टर्नमध्ये लागला’ हे साताऱ्यात लग्न ठरवायला पुरेसे असे. त्यामुळे विलीनीकरणाला झालेला विरोध नोकरीच्या भीतीपुरता नव्हता. सांगलीत कर्मचारी संघटनांचा मुख्य आक्षेप खासगी बँकेत जाण्याला होता. जायचेच तर सरकारी बँकेत जाऊ, असे त्यांचे म्हणणे होते. साताऱ्यातल्या कर्मचाऱ्यांना आयडीबीआय मिळाली तेव्हा म्हणूनच बऱ्याच जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या सुटकेचे पुढे काय झाले ते ओघात येईल.

कलम ४५ खाली होणाऱ्या विलीनीकरणात कामगार वर्गात मोडणाऱ्या सर्वांची नोकरी, मॉरेटोरियमपूर्वीच्याच पगारावर आणि सेवाशर्तींवर, नव्या बँकेत चालू ठेवावी लागते. बिगर-कामगारांपैकी, म्हणजे अधिकाऱ्यांपैकी, योजनेत नावानिशी वगळलेले तेवढे बाहेर राहतात. याच कलमातली पुढची तरतूद अधिक मोलाची आहे: जास्तीत जास्त तीन वर्षांत नव्या बँकेने या कर्मचाऱ्यांना आपल्या समकक्ष कर्मचाऱ्यांइतकाच पगार आणि त्याच शर्ती द्यायच्या असतात. मात्र त्याला एक अट जोडलेली आहे, शिक्षण आणि अनुभव समान किंवा समतुल्य असण्याची. सगळी भांडणे या अटीपाशी होतात. पंचवीस वर्षे शाखा सांभाळलेला अधिकारी आणि व्यवस्थापन पदवी घेऊन थेट आलेला अधिकारी समकक्ष कसे ठरवायचे? अशा वादात निर्णय रिझर्व्ह बँकेकडे मागता येतो, पण हे ठाऊक असलेले कर्मचारी थोडे.

कलम ४४अ च्या वाटेवर ही तीन वर्षांची हमी कायद्यात लिहिलेली नाही. तिथे कर्मचाऱ्याला आधार दोनच: विलीनीकरणाच्या योजनेतला मजकूर आणि, कामगार असल्यास, त्या काळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम २५फफ. सेवा अखंड धरली, शर्ती पूर्वीपेक्षा कमी झाल्या नाहीत आणि पुढे कपात झाल्यास जुन्या सेवेसकट भरपाईची जबाबदारी नव्या मालकाने घेतली, तर वेगळी भरपाई देय नाही. नाहीतर द्यावी लागते, असा त्याचा आशय. अधिकारी या कलमात सहसा बसत नाहीत. म्हणून कलम ४४अ च्या विलीनीकरणात अधिकाऱ्यांनी योजनेच्या मसुद्यातली सेवाविषयक कलमे भागधारकांच्या सभेआधी वाचली पाहिजेत. सभेनंतर मसुद्यातला शब्द हलत नाही.

कागदाचे महत्त्व प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिले आहे. विलीन झालेल्या एका बँकेत (नाव इथे गौण आहे) जुनी सेवापुस्तके नव्या संगणक प्रणालीत चढवताना काही कर्मचाऱ्यांची रुजू तारीख म्हणून विलीनीकरणाचीच तारीख नोंदली गेली. पगार वेळेवर येत होता, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. ग्रॅच्युइटी दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांच्या वेतनाने मोजली जाते. वीस वर्षे गळली की तीनशे दिवसांचे वेतन गळते. चूक निवृत्तीच्या तोंडावर उघडकीला आली. ज्यांच्याकडे नेमणुकीचे मूळ पत्र आणि जुन्या वेतनचिठ्ठ्या होत्या त्यांचे काम लवकर झाले. बाकीच्यांना ‘जुनी फाइल मिळत नाही’ हे उत्तर ऐकत हेलपाटे घालावे लागले, आणि त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता हेही खरे. जुनी मुख्य कचेरी बंद होते, दफ्तर दुसऱ्या शहरातल्या गोदामात जाते आणि कोणते कपाट कशाचे हे ठाऊक असलेला शिपाई निवृत्त झालेला असतो.

व्यवस्थापनाविषयी कर्मचाऱ्यांची मते विलीनीकरणानंतर दोनदा बदलतात, असे दिसते. प्रथम जुन्यांवर राग असतो. भांडवल वेळेत का उभे केले नाही, मोठ्या कर्जांना मंजुरी कोणी दिली, हे प्रश्न शाखेतल्या कारकुनालाही पडतात, आणि ते रास्त असतात. युनायटेड वेस्टर्नची भांडवल पर्याप्तता शून्याखाली गेली होती. सांगली बँकेची मार्च २००६ अखेर १.६ टक्के होती. किमान ९ टक्के लागते. या आकड्यांवर स्वतंत्र राहणे शक्य नव्हते, आणि ‘आपली बँक चांगली चालली होती’ ही पुढे कानावर येणारी हळहळ ताळेबंदाशी जुळत नाही.

नंतर राग नव्यांकडे वळतो. टार्गेट येते. पीककर्ज आणि सोनेतारण सांभाळणाऱ्या माणसाला विमा पॉलिसी आणि म्युच्युअल फंड विकायला सांगितले जाते. कर्जमंजुरीचा अधिकार शाखेतून काढून प्रादेशिक कचेरीत नेला जातो, त्यामुळे तीस वर्षांच्या ओळखीच्या ग्राहकाला ‘वरून येऊ द्या’ म्हणावे लागते. अनेकांना पगारापेक्षा हे जास्त लागते. ही तक्रार पूर्ण खरी आहे, आणि तरीही अर्धीच आहे: ओळखीवर दिलेल्या कर्जांतली काही बुडाली म्हणूनच बँक इथवर आली होती.

नफ्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आढळतात. ‘आमच्या ठेवींवर त्यांनी नफा कमावला’ हे वाक्य प्रत्येक विलीन बँकेत ऐकू येते. सांगली बँकेच्या ठेवी मार्च २००६ अखेर २,००४ कोटी होत्या, कर्जे ८८८ कोटी आणि त्या वर्षीचा तोटा २९ कोटी. आयसीआयसीआयच्या ठेवी मार्च २००७ मध्ये २ लाख ३० हजार कोटींवर आणि वर्षाचा नफा ३,११० कोटी होता. म्हणजे सांगलीच्या ठेवी नव्या घरात एक टक्काही नव्हत्या. शाखांचा हिशेब मात्र निराळा. आयसीआयसीआयकडे तेव्हा सुमारे ७५० शाखा होत्या आणि सांगली बँकेने १९८ शाखा व विस्तार कक्ष आणले, त्यांतले १५८ महाराष्ट्रात आणि ३१ कर्नाटकात, साधारण निम्मे ग्रामीण आणि निमशहरी भागात. नव्या शाखेला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागण्याच्या त्या काळात ही खरी कमाई होती. आयडीबीआयने युनायटेड वेस्टर्नच्या भागधारकांना समभागामागे २८ रुपये, एकूण सुमारे १५० कोटी दिले आणि २३० शाखा मिळवल्या. बुडीत कर्जांचा बोजा बाजूला ठेवला तर शाखेला साधारण ६५ लाख रुपये पडले.

घेणाऱ्या बँकेला परवाना, जागा आणि स्वस्त ठेवी हव्या असतात. माणसे त्यासोबत येतात. हे कडू आहे, पण वाटाघाटीत उपयोगी आहे. ग्रामीण शाखा आणि तिथल्या ठेवी ओळखीच्या माणसांवाचून टिकत नाहीत, हे संघटनांनी आकड्यांनिशी मांडले तर ऐकले जाते. ‘शंभर वर्षांची परंपरा’ मांडली तर हार घालून बोळवण होते.

शाखेचा नफा आणि बँकेचा नफा यांत किती अंतर असते, ते आयडीबीआयने दाखवले. साताऱ्याहून गेलेल्या शाखा नेटाने काम करत असताना मुंबईत मोठ्या उद्योगांना दिलेली कर्जे थकत गेली. मे २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, २०१७-१८ चा तोटा ८,२३८ कोटी आणि २०१८-१९ चा १५,११६ कोटी झाला. नोव्हेंबर २०१२ पासून देय असलेली वेतनवाढ वर्षानुवर्षे रखडली. एलआयसीने ५१ टक्के हिस्सा घेतल्यावर जानेवारी २०१९ पासून लागू होईल असे रिझर्व्ह बँकेने आयडीबीआयचे वर्गीकरण खासगी बँक असे केले. सरकारी बँक मिळाली म्हणून २००६ मध्ये सुटकेचा निःश्वास टाकणारे साताऱ्याचे कर्मचारी तेरा वर्षांत, खुर्चीतून न उठता, खासगी बँकेत पोचले. चिरमुल्यांची विमा कंपनी ज्या एलआयसीत गेली, त्याच एलआयसीकडे त्यांच्या बँकेचा वारसाही असा आला! मार्च २०२१ मध्ये निर्बंध उठले आणि २०२३-२४ मध्ये नफा ५,६३४ कोटींवर गेला. तोवर युनायटेड वेस्टर्नची एक पिढी निवृत्त झाली होती.

नफ्यातला वाटा कर्मचाऱ्याला आपोआप मिळत नाही. तो करारात लिहावा लागतो. बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या नोव्हेंबर २०२० च्या द्विपक्षीय करारात सरकारी बँकांसाठी तसा तक्ता होता: परिचालन नफा ५ टक्क्यांहून कमी वाढला तर काही नाही, ५ ते १० टक्के वाढला तर पाच दिवसांचे, १० ते १५ टक्क्यांना दहा दिवसांचे आणि त्यापुढे पंधरा दिवसांचे मूळ वेतन व महागाई भत्ता. खासगी बँकांना हे ऐच्छिक होते. आपली बँक कोणत्या वर्गात गणली जाते, हा प्रश्न असा खिशापर्यंत येतो.

विलीनीकरणानंतर समकक्षतेवरून होणारी भांडणे विमान कंपन्यांत मोठ्या प्रमाणावर झाली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स ऑगस्ट २००७ मध्ये एक झाल्या, पण दोन्हीकडचे पगार, बढत्या आणि ज्येष्ठता याद्या एक करायचे काम मागे राहिले. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. २०१२ मध्ये मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी जवळजवळ दोन महिने, ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाला दिल्यावरून. मधल्या काळात न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीला एकत्रीकरणाचा तोडगा सुचवावा लागला, विलीनीकरणानंतर चार-पाच वर्षांनी. एअर इंडिया टाटा समूहाकडे गेल्यावर, विस्तारा ही विमान कंपनी तिच्यात विलीन होण्याआधी, एप्रिल २०२४ मध्ये, नव्या वेतनरचनेवरून विस्ताराच्या वैमानिकांची नाराजी उफाळली आणि उड्डाणे रद्द झाली. बँक कर्मचाऱ्यांच्या तुलनेत वैमानिकांकडे एक ताकद जास्त होती: ते थांबले की विमान थांबते. शाखेतला कारकून थांबला तर ग्राहक एटीएमकडे जातो. म्हणून बँक कर्मचाऱ्याला कागद अधिक लागतो.

निवृत्तिवेतनाबाबत घबराट सर्वांत जास्त असते आणि तिथे तपासणी सर्वांत सोपी असते. आयसीआयसीआयच्या वार्षिक अहवालात तिच्यात विलीन झालेल्या सांगली बँक, बँक ऑफ मदुरा आणि बँक ऑफ राजस्थानच्या पूर्वीच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनची तरतूद वेगळी दाखवली जाते. अहवाल कोणालाही मिळतो. अफवेवरून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरण्याआधी ती टीप पाहावी. घाईने भरलेला अर्ज मंजूर झाल्यावर सहसा मागे घेता येत नाही.

हा विषय जुना झालेला नाही. २०२० च्या दुरुस्तीने कलम ४५ सहकारी बँकांनाही लागू झाले आहे, आणि सातारा-सांगलीत नागरी सहकारी बँकांत नोकरी करणारे हजारो आहेत. विलीनीकरण हा सर्वांत वाईट शेवटही नव्हे: डिसेंबर २०२० मध्ये कऱ्हाड जनता सहकारी बँकेचा परवानाच रद्द झाला, आणि परवाना गेल्यावर सामावून घेणारी बँक नसते. ज्यांच्या बँकेचा एनपीए वाढत आहे, भांडवल घटत आहे किंवा लाभांश थांबला आहे, त्यांनी नेमणुकीचे पत्र, बढत्यांचे आदेश, वेतनचिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचे उतारे, वारस नोंदणी आणि सेवापुस्तकाची शिक्कामोर्तब केलेली प्रत जुनी कचेरी उघडी आहे तोवरच घरी आणून ठेवावी.