आवाज न करणारा कॉम्प्युटर आणि नागपूरचा मे महिना

टीव्हीशेजारी कॉम्प्युटर ठेवायची कल्पना आपल्या बॅचपेक्षा वयाने मोठी आहे. २००१ साली तैवानच्या व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स नावाचा जेमतेम १७ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा मदरबोर्ड आणला. त्यातल्या काही बोर्डांवर पंखाच नव्हता. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली. हातात रिमोट घेऊन सोफ्यावर बसायचं आणि कॉम्प्युटरमधले पिक्चर, गाणी, फोटो मोठ्या पडद्यावर बघायचे, असा एकूण थाट होता. पुढे स्मार्ट टीव्ही आले, २०१५ च्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर काढून टाकलं गेलं आणि सगळ्यांना वाटलं की विषय संपला.

आमच्या घरी तो संपलेला नाही. आमच्या टीव्हीचा पडदा अजून ठणठणीत आहे, पण त्याच्यातल्या ॲप्सना अपडेट मिळणं केव्हाच थांबलं. शिवाय आजोबांचा खजिना आहे. त्यांनी नव्वदच्या दशकात व्हिडिओ कॅसेटवर भरून ठेवलेली दूरदर्शनची मराठी नाटकं आणि घरातली लग्नं-मुंजी, हे सगळं आता एका हार्ड डिस्कवर आहे. टीव्हीला ती डिस्क लावली की निम्म्या फाइली तो ओळखतच नाही. तेव्हा दिवाणखान्यासाठी एक छोटा, आवाज न करणारा कॉम्प्युटर निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी थर्ड इयर मेकॅनिकलला आहे आणि हीट ट्रान्स्फर हा विषय याच वर्षी आहे, म्हणून. (शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे 'उष्णता संक्रमण' हा शब्द मला परीक्षेत नाही, आजोबांकडून कळला!)

आता 'आवाज न करणारा' याचा अर्थ आधी पक्का करू. आजोबा ८४ वर्षांचे आहेत आणि श्रवणयंत्र लावतात. यंत्र काय करतं? माइकवर आलेला आवाज मोठा करून कानात सोडतं. त्यात नटाचा संवादही आला आणि पंख्याची घरघरही. नवीन यंत्रांत एकसुरी आवाज गाळायची सोय असते, पण ती संवाद पूर्ण मोकळा करून देत नाही. आपल्याला जो आवाज 'जाऊ दे' म्हणण्यासारखा वाटतो, तो त्यांच्यासाठी संवादावर पडलेला पडदा असतो. म्हणून उन्हाळ्यात आजोबा काय करतात, तर नाटक बघायचं असलं की कूलर बंद करतात. नागपूरचा मे, दुपारी बाहेर पारा ४५ च्या आसपास, खोलीत ४०, आणि हे घामाघूम होऊन नाटक बघतायत. छताचा पंखा तेवढा एकवर. आजीचं आणि त्यांचं यावरून रोज वाजतं, ती गोष्ट वेगळी.

आधी मी एक वेगळंच गणित मांडलं होतं. थंडीत खोली शांत असते, पण तेव्हा कॉम्प्युटर तापायचा प्रश्नच नसतो. उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापतो, पण तेव्हा कूलरचा एवढा गडगडाट असतो की छोट्या पंख्याला कोण विचारतो? म्हणजे साधा, गरज पडल्यावरच पंखा चालू करणारा डबा पुरे. पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांना हे गणित लागू पडेलही. पण आजोबा कूलर बंद करतात, तिथे ते लागू होत नाही. आमच्या घरातली खरी परीक्षा म्हणजे खोली ४० अंश, कूलर बंद, आणि तरीही डबा गप्प. परदेशी मासिकांतली परीक्षणं वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली असतात, त्यांचा इथे फारसा उपयोग नाही.

मधल्या काळात दादाने त्याचा पंख्याचा छोटा डबा महिनाभर वापरायला दिला. एवढासा, हातात मावणारा. आणि त्याचा पंखा त्याहून एवढासा. गोची इथेच आहे. पंखा लहान असला की तेवढीच हवा ढकलायला त्याला फार जोरात फिरावं लागतं. मिनिटाला ४५०० फेरे आणि ९ पाती धरा. सेकंदाला ७५ फेरे, गुणिले ९, म्हणजे ६७५ हर्ट्झचा बारीक सूर. टेलिफोनवर माणसाचं बोलणं साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात जातं, आणि हा सूर बरोब्बर त्या पट्ट्यात बसतो. आता छताचा पंखा घ्या. ३ पाती, मिनिटाला ३५० फेरे धरले तर उत्तर येतं १७.५ हर्ट्झ. माणसाला साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकूच येत नाही. छताच्या पंख्याचा जो आवाज आपण ऐकतो तो हवेचा पसरट 'हूऽऽ' असतो, एक सूर नसतो. म्हणून डेसिबल जास्त असूनही तो त्रास देत नाही आणि चिमुकला पंखा डोक्यात जातो. आजोबा त्याला 'डास' म्हणायचे. नाव चपखल आहे.

पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. हा फॅन लॉ आपल्या अभ्यासात येतो. पण हवाही निम्मी होते, आणि ४० अंशांच्या खोलीत नेमकी तीच परवडत नाही. त्यात धूळ. पंखा आत ओढतो ती हवा एकटी येत नाही. महिन्याभरात जाळीवर राखाडी नमदा तयार झाला होता.

खोक्यावर छापलेल्या डेसिबलवर जाऊ नका, हे जाता जाता सांगते. किती अंतरावरून मोजलं ते लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आकडा ६ ने घसरतो. मोबाइलमधली डेसिबल ॲप्सही इतक्या शांत आवाजाला कामाची नाहीत, मोबाइलच्या माइकचा स्वतःचाच खरखराट मध्ये येतो. त्यापेक्षा रात्री अकरानंतर फ्रिज आणि पंखे बंद करून डब्याला कान लावा. हो, बिनपंख्याच्या डब्यालासुद्धा! त्यातली कॉइल किंवा ॲडॅप्टर कधीकधी किर्र करतो, आणि ते खोक्यावर कुणी छापत नाही.

मग राहिला बिनपंख्याचा डबा. याचं सगळं अंगच हीट सिंक असतं, चिपची उष्णता ॲल्युमिनियमच्या कवचात येते आणि कवच ती हवेला देतं. ही हवा आपोआप वर जाते, तिला कुणी ढकलत नाही. इथे वहीतलं सूत्र कामाला येतं: तापमानातला फरक म्हणजे वॉट भागिले एच गुणिले क्षेत्रफळ. मी बघितलेला डबा १३ बाय १३ बाय ५ सेंटिमीटर. तळ सोडला तर वरची बाजू आणि चार भिंती मिळून ४२९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.०४३ चौरस मीटर. नैसर्गिक अभिसरण आणि प्रारण दोन्ही धरून एच ढोबळमानाने १० घेतला. डबा १० वॉट खात असेल तर फरक येतो २३ अंश. २५ अंशांच्या खोलीत कवच ४८ वर, आणि आमच्या दिवाणखान्यात ६३ वर. आतली चिप कवचापेक्षा आणखी पंधरा-सतरा अंश वर धरा. म्हणजे ८० च्या आसपास.

८० म्हणजे पास की नापास? डब्यात इंटेलची एन१०० ही २०२३ मध्ये आलेली चिप आहे. तिचं रेटिंग ६ वॉटचं आणि तापमानाची मर्यादा १०५ अंश. म्हणजे पास, आणि वर थोडी जागाही शिल्लक. आता हाच हिशोब लॅपटॉपमधल्या एखाद्या दमदार चिपसाठी करा, जी २० वॉट खाते. कवचच ४६ अंशांनी चढतं, चिप आणखी तीसएक, आणि खोलीचे ४० मिळवले की ११६! तो डबा बंद पडणार नाही, पण जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करेल, आणि नाटक ऐन रंगात असताना अडखळेल. बाजारात 'जास्त पॉवरफुल' म्हणून आग्रहाने दाखवतात ते हेच. दिवाणखान्यात पॉवर नको आहे, कमी वॉट हवे आहेत.

कवच कसलं आहे हेही बघा. चकचकीत पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम प्रारणाने जवळजवळ काहीच उष्णता देत नाही, अनोडाइज केलेलं भरपूर देतं. काळा रंग लागतोच असं नाही, थर अनोडायझिंगचा हवा. माझा एच १० चा हिशोब त्या थराच्या भरवशावर आहे.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र पुस्तकात नाही. तो म्हणजे क्रोशाचा रुमाल. आपल्या घरांत टीव्ही असो, मिक्सर असो की फोन, सपाट वस्तू दिसली की तिच्यावर रुमाल पडतो. आजीने याही डब्यावर दुसऱ्याच दिवशी घातला, मोराचा. डब्याची सर्वांत कामाची बाजू म्हणजे वरची, आणि तीच झाकली! मी आजीला सूत्र नाही सांगितलं, तिचा हात नुसता डब्यावर ठेवला. रुमाल आता रिमोटखाली आहे. हाच न्याय शोकेसच्या बंद कप्प्याला. तिथे 'खोलीचं तापमान' म्हणजे कप्प्यातलं तापमान, आणि ते खोलीपेक्षा कितीतरी चढतं. आत ठेवायचाच असेल तर मागची फळी काढा.

आता डबा किती वॉट खाईल हे फक्त चिपवर नाही, व्हिडिओ कोण उलगडतो यावरही अवलंबून आहे. चिपमध्ये व्हिडिओसाठी वेगळा भाग असतो. एन१०० मधला भाग एचईव्हीसी आणि एव्ही१ हे दोन्ही प्रकार स्वतः उलगडतो, त्यामुळे प्रोसेसर जवळजवळ झोपलेला असतो. ज्या फॉरमॅटला तो भाग नाही, तिथे सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि डबा तापतो. उदाहरणार्थ, २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मधून एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर काढलेला आहे, तो हे काम सॉफ्टवेअरने करतो. जमतं त्याला, पण आजोबांच्या निम्म्या फाइली त्याच फॉरमॅटमधल्या आहेत, म्हणून मी तो बाजूला ठेवला. तपासायची रीत सोपी: व्हिडिओ लावा आणि प्रोसेसरचा वापर बघा. दहा-पंधरा टक्के असेल तर ठीक, सत्तर-ऐंशी असेल तर कुठेतरी सेटिंग चुकलंय.

आजोबांच्या कॅसेटी पॅल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चित्रं. टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर एका चित्राच्या वाट्याला २.४ वेळा झळकणं येतं. अर्धवट तर काही झळकता येत नाही, म्हणून काही चित्रं दोनदा आणि काही तीनदा दाखवली जातात. कॅमेरा सावकाश फिरला की रंगमंच हिसके देत सरकतो. उपाय फुकट आहे: आउटपुट ५० हर्ट्झ करा. कोडी या प्लेअरमध्ये (२०१४ पर्यंत याचं नाव एक्सबीएमसी होतं) हे आपोआप बदलायचं सेटिंग आहे.

दोन गोष्टी मात्र या डब्यात उण्या आहेत. टीव्हीचाच रिमोट चालावा म्हणून एचडीएमआय-सीईसी लागतं, ते बहुतेक छोट्या पीसींत नसतं. त्यासाठी यूएसबीचा आयआर रिसीव्हर घेतला. दुसरं, लिनक्सवर पैसे भरलेल्या ओटीटी सेवांचंही चित्र खालच्या दर्जाचं मिळतं, कारण त्यांच्या सुरक्षेची वरची पातळी तिथे चालत नाही. आईला मालिका बघायच्या असतात, म्हणून डब्यावर विंडोज ठेवलं. हार्ड डिस्क मी राउटरजवळ दुसऱ्या खोलीत नेली. फिरणारी वस्तू दिवाणखान्यात ठेवायचीच नाही.

कुणी म्हणेल, एवढं करण्यापेक्षा आवाज थेट श्रवणयंत्रात का सोडत नाही? आजोबांच्या यंत्रावर 'टी' असं बटण आहे. गळ्यात तारेची माळ घालायची, तिचं टोक हेडफोनच्या भोकात, आणि यंत्र खोलीतला आवाज सोडून फक्त तारेचं चुंबकीय क्षेत्र ऐकतं. मग कूलर खुशाल चालू द्या! तांत्रिकदृष्ट्या मला हाच उपाय सर्वांत आवडला होता. आजोबांनी माळ घालून बघितली आणि दहा मिनिटांत काढून ठेवली. म्हणाले, "आजी हसली की मला ऐकू आलं पाहिजे. एकट्याने नाटक बघायचं तर मग कॅसेटी कशाला भरल्या मी?" यावर माझ्याकडे सूत्र नव्हतं.

म्हणून बिनपंख्याचा डबाच ठरला. बायोसमध्ये जाऊन मी त्याची वॉटची मर्यादा थोडी खाली बांधली, व्हिडिओवर त्याचा काहीच परिणाम दिसला नाही. मग मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता, खोलीतल्या थर्मामीटरवर ४० असताना, कूलर बंद करून सलग दोन तास तीन अंकी नाटक लावलं. प्लगचा वॉटमीटर ९ ते ११ दाखवत होता, चिप ७९ ला जाऊन थांबली, कवच ६१ वर. वहीतलं उत्तर आणि डब्याचं उत्तर इतकं जवळ आलेलं मी आमच्या लॅबमध्येही बघितलेलं नाही.

६१ अंशांच्या ॲल्युमिनियमला हात लावून ठेवता येत नाही, तेव्हा डबा आता शोकेसच्या माथ्यावर, भाच्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर आहे. कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे, त्यामुळे मे-जूनमध्ये नाटक संपलं की डबा बंद करायचं काम आजीकडे दिलंय. तिने विचारलं, त्यावर पापड वाळतील का? वाळतील, पण वरची बाजू झाकली जाईल, एवढंच मी सांगितलं.