नाव बदलताय? जरा थांबा!

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठीत चुकलं तर सांभाळून घ्या!

2023 साली आपला उस्मानाबाद जिल्हा अधिकृतपणे धाराशिव झाला. माझ्या जावा प्रोजेक्टमधल्या पॅकेजला मात्र मी सवयीने ‘उस्मानाबाद’ नाव दिलेलं. सबमिशनच्या आदल्या रात्री विंडोजमध्ये जाऊन फोल्डरचंच नाव बदललं, आणि एक्लिप्समध्ये सगळीकडे लाल फुल्या!

कारण साधं आहे. फाइलच्या सुरुवातीला लिहिलेलं पॅकेजचं नाव आणि फोल्डरचं नाव एकच असावं लागतं.

म्हणून नीट सुरुवात करा. फाइल, न्यू, जावा प्रोजेक्ट. नाव द्या, फिनिश. मग ‘एसआरसी’वर राइट क्लिक करून न्यू, पॅकेज, नाव स्मॉल लेटर्समध्येच. त्या पॅकेजवर राइट क्लिक करून न्यू, क्लास. मेन मेथडच्या चौकटीत टिक करा.

पुढे नाव बदलायचं झालंच तर एक्लिप्समध्येच पॅकेज सिलेक्ट करून ऑल्ट-शिफ्ट-आर दाबा. फोल्डर, पॅकेजची ओळ, इम्पोर्ट सगळं एकदम बदलतं. अवतरण चिन्हांतला मजकूर मात्र वेगळी टिक केल्याशिवाय बदलत नाही, तो तपासा.

माझं काम पहाटे तीनला आटोपलं. तुमचं मेस बंद व्हायच्या आत आटपो!