पट्टा उघडण्याआधी

रेवदंडा,
गुरुवार, रात्री

चि. बाळास,


तुझा फोन आला तेव्हा मी वाडीत पोफळींना पाणी सोडत होते, त्यामुळे धड बोलता आलं नाही. पोटाला आणि मांड्यांना लावायचा करंटचा पट्टा तू मागवलास आणि ‘मावशी, याने खरंच मसल वाढतात का?’ एवढं विचारून फोन ठेवलास. नुसतं हो म्हटलं असतं किंवा नुसतं नाही म्हटलं असतं, तरी उत्तर अर्धंच झालं असतं. फिजिओथेरपिस्ट म्हणून पस्तीस वर्षं मी हाच करंट लोकांच्या हातापायांना लावला आहे, म्हणून सावकाश लिहिते.

यंत्र खोटं नाही. पॅडखालच्या नसेपर्यंत करंट पोचला की स्नायू आवळतोच, तू मनात आण की आणू नकोस. इटलीत गॅल्वानीने बेडकाच्या पायावर हे पाहिलं आणि १७९१ साली प्रसिद्ध केलं. आम्हाला कॉलेजात पहिला करंट स्वतःच्याच हाताला लावायला सांगत. मी न मिटता मिटलेली माझी मूठ मला अजून आठवते. सेकंदाला पाच-सात ठोके दिले तर स्नायू नुसता फडफडतो. ठोके पन्नासच्या घरात नेले की ते एकमेकांत मिसळतात आणि सलग आवळ बसतो. निरोगी तरुणांवर याचे प्रयोगही झाले आहेत. एका प्रयोगात आठवड्याला चार वेळा असा करंट आठ आठवडे दिला, तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूचा आडवा छेद सुमारे ६ टक्क्यांनी वाढला आणि ताकद सुमारे २७ टक्क्यांनी. म्हणजे वाढ होते. पण असल्या प्रयोगांत माणसाला खुर्चीला बांधतात, पाय न हलणाऱ्या दांड्याला जखडतात आणि करंट सोसवेल तितका चढवत नेतात. दात आवळून बसावं लागतं. सोफ्यावर मॅच बघता बघता पोट गुदगुदवणारा पट्टा आणि ते, यात फार अंतर आहे.

स्नायू वाढतो तो त्याच्यावर पडलेल्या ताणाने. कोळीवाड्यात होडी वर ओढताना तू पाहिलं आहेस. वीस जण दोराला लागलेले असतात. आधी थोडे जोर लावतात, होडी अडली की बाकीचे लावतात, एक दमला की दुसरा सरसावतो. तू मनाने पाय उचलतोस तेव्हा मेंदू तुझ्या स्नायूतल्या तंतूंना असंच कामाला लावतो, लहान आधी, मोठे नंतर, आळीपाळीने. करंटला ही पाळी कळत नाही. पॅडच्या जवळ जे तंतू असतील तेच तो एकदम आणि पुन्हा पुन्हा ओढायला लावतो. खोलवरचे तंतू तसेच उभे राहतात आणि जवळचे लवकर दमतात. शिवाय नव्याने व्यायामाला लागलेल्या माणसाची पहिल्या काही आठवड्यांतली ताकद बरीचशी मेंदू आणि नसा शिकल्यामुळे वाढते. वजन घेऊन खाली बसावं कसं, तोल सांभाळत उठावं कसं, हे तुझ्याऐवजी पट्टा शिकू शकत नाही.

आता जे लिहिते ते मी घरात फारसं कुणाला सांगितलेलं नाही. मी एका खाजगी दवाखान्यात कामाला होते तेव्हा पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आला. १६०० मीटर धावायचं होतं, मांड्या कमी पडतात म्हणत होता. अगदी धडधाकट, त्याला माझी काहीच गरज नव्हती. पण त्याची धडपड बघून मला राहवलं नाही. दोन्ही मांड्यांना पॅड लावले आणि तो ‘अजून वाढवा’ म्हणाला तसा मी करंट वाढवत गेले. तिसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येईना. संडासला बसता येईना. मी रोज जाऊन त्याच्या लघवीचा रंग विचारत होते, कारण स्नायू फार फाटले की त्यातला माल रक्तात उतरतो, लघवी चहासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडावर बेतू शकतं. तसं झालं नाही. आठवड्याभरात तो चालू लागला, पण सरावाचे ते दिवस त्याचे गेले ते गेलेच. चूक माझी होती. सगळ्या अंगाला करंट देणारे सूट घालून वीस मिनिटांत कित्येक तासांचा व्यायाम, अशा जाहिराती हल्ली दिसतात. पहिल्याच दिवशी जोर जास्त झाल्याने असे सूट घालणारी निरोगी माणसं रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्या वाचताना मला तो मुलगा दिसतो.

या करंटवर एवढा डोंगरभर विश्वास लोकांच्या मनात कुठून आला, तेही सांगते. आपल्या हायस्कूलच्या आवारात निकितिनचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरलेला तो रशियन प्रवासी. तू शाळेच्या सुट्टीत त्याच्याभोवती खेळायचास. दुसऱ्या एका रशियनाचं नाव आमच्या धंद्यात घेतात, याकोव्ह कोट्स. सोव्हिएत खेळाडूंना तो २५०० हर्ट्झचा करंट द्यायचा, दहा सेकंद चालू, पन्नास सेकंद बंद, असं दहा वेळा. १९७७ साली माँट्रियलला त्याने सांगितलं की खेळाडूंची ताकद यामुळे ४० टक्क्यांपर्यंत वाढते. बाकीच्यांनी करून पाहिलं तेव्हा एवढी वाढ सहसा हाती लागली नाही. पण ‘रशियन करंट’ हे नाव मात्र यंत्रांच्या बटणांवर राहिलं. पुढे पोटाचे पट्टे आले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ साली व्यायामाशिवाय पोट घडवून देऊ म्हणणाऱ्या तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर खटले भरले. जाहिरात अजून तीच आहे.

ज्याच्यासाठी हा करंट आहे तो माणूस वेगळा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की मांडीचा पुढचा स्नायू हुकूमच ऐकत नाही. रुग्ण सगळा जोर लावतो, कपाळावर घाम येतो आणि वाटी हलत नाही. तिथे पॅड लावायचा, करंट चालू होताच ‘आता तुम्हीही उचला’ म्हणायचं. काही दिवसांनी एक दिवस तो पॅडशिवाय पाय उचलतो. मी हे कितीतरी वेळा पाहिलं आणि दर वेळी घसा दाटून आला. तुझ्या मांड्यांना तुझा आवाज ऐकू येतो, बाळा. तू त्यांना हाकच मारत नाहीस, दिवसाचे दहा तास खुर्चीत असतोस.

तेव्हा आठवड्यातून दोन दिवस जिमला जा. बैठकांना एवढं वजन घे की शेवटच्या दोन-तीन जड जाव्यात, आणि त्या सोप्या झाल्या की वजन वाढव. तुझ्या स्वतःच्या वजनाच्या दर किलोमागे रोज दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात जाऊ देत. अंडी, डाळ, दही तिकडे मिळतं. सुकट मी पाठवते. झोप कापू नकोस.

पट्टा ठेवायचाच असेल तर छातीवर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला कधी लावू नकोस, फाटलेल्या कातडीवर लावू नकोस आणि पहिले काही दिवस करंट अगदी कमी ठेव. लघवी काळपट दिसली तर मला फोन करण्यात वेळ घालवू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा. आणि गंमत म्हणून दाखवायलासुद्धा तो इकडे आणू नकोस. आजीच्या छातीत पेसमेकर आहे.

खोकं अजून फोडलं नसशील तर परत पाठवायची मुदत कधीपर्यंत आहे ते आजच बघ आणि मला कळव.

तुझी,
मावशी