जठर लहान केल्यावर : शरीराच्या कणगीचा हिशेब



पचनसंस्थेची आकृती तुम्ही वहीत अनेकदा काढली असेल. आज त्या आकृतीत थोडा बदल करू या. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे जठराचा एक लहानसा तुकडा वेगळा करा. त्यात सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे द्रव मावेल, एवढाच तो असू द्या. बाकीचे मोठे जठर तसेच ठेवा, पण त्याकडे जाणारी वाट बंद करा. आता लहान आतडे थोडे पुढे कापून त्याचे खालचे टोक वर आणा आणि त्या छोट्या पिशवीला जोडा. मोठ्या जठराचा आणि आद्यांत्राचा पाचक रस घेऊन येणारे दुसरे टोक आतड्याला आणखी खाली जोडून द्या.

ही झाली 'गॅस्ट्रिक बायपास' शस्त्रक्रिया. दुसऱ्या एका शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. तिला 'स्लीव्ह' म्हणतात. अतिलठ्ठपणामुळे मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असे विकार जडले आणि आहार-व्यायामाने पुरेसा गुण आला नाही, तर डॉक्टर या शस्त्रक्रियांचा विचार करतात. त्यांनी जेवण कमी होते, तसेच भूक आणि साखर यांवर ताबा ठेवणारी आतड्यातील संप्रेरकेही बदलतात. पुष्कळ रुग्णांचा मधुमेह त्यामुळे आटोक्यात येतो.

परंतु जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे. तिची कामे कोणती, हे ती लहान केल्यावरच नीट कळते.

पहिला धडा

१९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमन, लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने लहान आतड्याचा बराच भाग वगळण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. पुढे अशा शस्त्रक्रिया पुष्कळ झाल्या. वजन उतरले, पण जुलाब, यकृताचे विकार आणि मुतखडे मागे लागले. मुतखडे का व्हावेत? न पचलेली चरबी अन्नातील कॅल्शियमला धरून ठेवते. एरवी हेच कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून शरीराबाहेर नेते. आता मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शोषले जाते, मूत्रपिंडात पोचते आणि तिथे त्याचे खडे बनतात. आतडे आणि मूत्रपिंड एकमेकांपासून इतके दूर, पण एकाची मोडतोड दुसऱ्याला भोवली! १९८० च्या सुमारास ही पद्धत जवळजवळ सोडून देण्यात आली. दरम्यान १९६६ साली आयोवा विद्यापीठात मेसन आणि इटो यांनी जठराचा बायपास केला होता. आजची पद्धत त्यातूनच विकसित झाली.

कणगी किती दिवस पुरेल?

शेतकऱ्याच्या घरी कणगीत धान्य असते. नवे धान्य यायचे थांबले तरी चूल लगेच विझत नाही. शरीराचेही तसेच आहे. शस्त्रक्रियेनंतरचे काही त्रास महिन्याभरात दिसतात, तर काही तीन वर्षांनी. याचे कारण या कणगीत आहे. आपण दोन उदाहरणे करून पाहू.

थायामिन, म्हणजेच ब-१ जीवनसत्त्व, प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० मिलिग्रॅम असते. रोजची गरज सुमारे १.२ मिलिग्रॅम. भागाकार केला की उत्तर येते २५ दिवस.

ब-१२ जीवनसत्त्वाचा साठा २ ते ५ मिलिग्रॅम असतो. आपण अडीच मिलिग्रॅम धरू. रोजची गरज मात्र फक्त अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ्याचा हजारावा भाग. उत्तर १००० दिवस, जवळजवळ पावणेतीन वर्षे.

हा हिशेब ढोबळ आहे. कणगीचा तळ दिसण्याआधीच त्रास सुरू होतो. पण धोका कोणता आधी आणि कोणता नंतर, हे त्यावरून ध्यानात येते.

लवकर रिकामी होणारी कणगी

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत एखाद्याला वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर थायामिन झपाट्याने संपते. मग डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, एकाची दोन दृश्ये दिसतात, चाल अडखळते, मनाचा गोंधळ उडतो. या विकाराचे वर्णन १८८१ साली कार्ल व्हेर्निके यांनी केले. उपचारास उशीर झाल्यास स्मरणशक्तीचे कायमचे नुकसान होऊ शकते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. उलट्यांनी थकलेल्या माणसाला ग्लुकोजचे सलाईन लावावे, असे कोणालाही वाटेल. पण ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्यासाठी पेशींना थायामिनच लागते. नुसते ग्लुकोज दिल्यास उरलेसुरले थायामिनही खर्ची पडते. म्हणून अशा रुग्णाला थायामिन आधी किंवा ग्लुकोजच्या जोडीनेच देतात. 'माझी जठराची शस्त्रक्रिया झाली आहे' हे वाक्य रुग्णाने किंवा नातेवाइकांनी प्रत्येक डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, ते यासाठी.

ब-१२ चे कोडे

ब-१२ शोषले जाते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात. बायपासमध्ये त्या भागाला कोणी हातही लावत नाही. मग कमतरता का?

उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. बोस्टन येथील विल्यम कॅसल 'घातक पांडुरोगा'चा अभ्यास करीत होते. रुग्णांना नुसता मांसाचा खिमा दिला, गुण आला नाही. निरोगी माणसाचा नुसता जठररस दिला, गुण आला नाही. मग कॅसल यांनी स्वतः खिमा खाल्ला, तासाभराने तो जठरातून बाहेर काढला आणि नळीने रुग्णाच्या पोटात सोडला. रुग्णाच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या! हे काम १९२९ साली प्रसिद्ध झाले. जठर एक पदार्थ तयार करते, त्याचा हात धरूनच ब-१२ आतड्यात शोषले जाते, हे त्यातून पुढे आले. शस्त्रक्रियेनंतर अन्नाची या पदार्थाशी गाठ नीट पडत नाही. जठरातील आम्लही कमी झाल्याने अन्नातील ब-१२ सुटे होत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. ब-१२ मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळते. वनस्पतीत ते नसते, दुधात थोडे असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांना शाकाहारी लोकांच्या रक्तात ब-१२ चे प्रमाण कमी आढळले आहे. म्हणजे कणगी आधीच अर्धी. अशांनी शस्त्रक्रियेपूर्वीच तपासणी करून ती भरून घेणे शहाणपणाचे.

लोह आणि कॅल्शियम

एस.टी. गावाबाहेरच्या रस्त्याने गेली की गावच्या थांब्यावर उतरणाऱ्यांची पंचाईत होते. लोह आणि कॅल्शियम यांचा मुख्य थांबा म्हणजे आद्यांत्र, आणि बायपासमध्ये नेमके तेच चुकते. लोह कमी पडल्यास रक्तक्षय होतो. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांना त्याचा धोका अधिक.

कॅल्शियमची गोष्ट फसवी आहे. रक्तातील त्याचे प्रमाण शरीर काटेकोरपणे सांभाळते. बाहेरून मिळाले नाही तर हाडांतून काढून घेते. त्यामुळे रक्तातील कॅल्शियम ठीक दिसत असतानाही हाडे विरळ होत असतात. म्हणून ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड संप्रेरक यांचीही तपासणी करतात.

कोशिंबीर आणि घाम

काकडीच्या चकत्यांना मीठ लावले की पाणी सुटते, हे तुम्ही घरी पाहता. हीच क्रिया आतड्यात घडते. लहान जठरातून सरबत किंवा पातळ गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो. तीव्र द्राव रक्तातील पाणी आतड्यात ओढून घेतो. अर्ध्या तासाच्या आत पोटात कळ, धडधड, घाम, चक्कर असा त्रास होतो. काहींना एक ते तीन तासांनी, इन्शुलिन जादा स्रवल्याने, साखर उतरून पुन्हा त्रास होतो. उपाय साधा आहे: गोड पेये टाळावीत, प्रथिनयुक्त अन्न आधी खावे, लहान घास सावकाश चावून खावेत, जेवताना पाणी न पिता अर्ध्या तासाने प्यावे.

काय सांभाळावे?

१. डॉक्टरांनी दिलेली जीवनसत्त्वे व खनिजे जन्मभर घ्यावीत. 'बरे वाटते' म्हणून थांबवू नयेत. बरे वाटते ते कणगीच्या जोरावर!

२. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये. दोन तासांचे तरी अंतर ठेवावे.

३. ठरलेल्या वेळी रक्त तपासून घ्यावे.

४. तंबाखू-विडी आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात. जोडाच्या ठिकाणी व्रण होतो.

५. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत जोराची पोटदुखी, ताप, वाढलेली नाडी, धाप किंवा पायाला सूज आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. जोड गळणे किंवा रक्ताची गुठळी होणे ही त्याची कारणे असू शकतात.

६. झपाट्याने वजन घटताना पित्तखडे होतात. ते टाळण्याचे औषध डॉक्टर देतात.

शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत संपते. तिचा हिशेब मात्र रोज लिहावा लागतो, आणि घरातील माणसांना तो समजला तर रुग्णाचे ओझे हलके होते.

विचार करा

(१) एखाद्याचा ब-१२ चा साठा १ मिलिग्रॅमच असेल, तर वरील पद्धतीने तो किती दिवस पुरेल?

(२) कॅसल यांनी पहिले दोन प्रयोग केलेच नसते, तर तिसऱ्यावरून कोणता चुकीचा निष्कर्ष निघाला असता?

(३) काकडीच्या चकत्यांचे वजन करा, मीठ लावून अर्ध्या तासाने पाणी निथळून पुन्हा करा. साखर लावून हाच प्रयोग करा आणि फरक नोंदवा.