फोन हिसकावू नकोस, त्याला वेळ ठरवून दे

सूनबाई, लेक दहावीत गेला आणि फोन हातातून सुटत नाही, म्हणून तुझा जीव कासावीस होतो. पण फोन हिसकावून कपाटात टाकू नकोस. घरात मिळाला नाही तर तो मित्राचा फोन धरून बसेल, आणि मग काय बघतोय ते आपल्याला कळणारही नाही. फोनची वेळ ठरव, जागा ठरव, आणि नेम सगळ्या घराला एकच ठेव.

आधी झोप सांभाळ. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. या वयात मुळातच झोप उशिरा येते. त्यात रात्री डोळ्यांवर पडद्याचा उजेड पडला की झोप आणणारं मेलॅटोनिन आणखी उशिरा पाझरतं. शाळा मात्र सकाळी ठरल्या वेळेलाच भरते. त्याची निम्मी चिडचिड आणि विसराळूपणा तिथूनच येतो. रात्री साडेनऊला सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लाव. ‘गजराला लागतो’ म्हणाला, तर साधं गजराचं घड्याळ आणून दे.

त्याला आळशी म्हणू नकोस. पुस्तकाचं प्रकरण संपतं, रील्स संपतच नाहीत. खाली सरकवत राहायची ही मांडणी 2006 मध्ये अझा रास्किन यांनी तयार केली आणि पुढे त्यांनाच तिचा पश्चात्ताप झाला. स्वतःला आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून थांबायची खूण आपण बाहेरून द्यायची. त्याच्याशेजारी बसून नोटिफिकेशन आणि ऑटोप्ले बंद करून घे. गेम चालू असताना मधेच ओरडू नकोस. मित्रांबरोबरचा डाव अर्ध्यात सोडता येत नाही. ‘हा डाव झाला की ठेव’ असं सांग आणि डाव संपेपर्यंत तिथेच थांब.

नेम मोठ्यांनाही हवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि फोन बंद. आपल्या घरापुरता असा एक तास पाळू. त्या वेळची माझी मालिका मी सोडते, तू व्हॉट्सॲप सोड, आणि त्याच्या बाबांनी ऑफिसचे मेसेज नंतर बघावेत.

तो तास रिकामा ठेवू नकोस. मित्र फोनमध्ये भेटतात म्हणून तो फोनमध्ये असतो. त्यांना घरी बोलाव, कढईभर पोहे कर, कॅरम मांडू दे. दळण आणायला सायकलवर पाठव, पोळ्या लाटायला शिकव.

अभ्यासात ‘आधी वही, मग फोन’ हा क्रम लाव. गणित अडलं की लगेच उत्तर शोधू देऊ नकोस. पंधरा मिनिटं कागदावर झगडू दे. चुकलेल्या पायऱ्याही त्याला काही शिकवतात.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. गेमपायी जेवण, शाळा, मित्र सुटायला लागले आणि त्याला स्वतःला थांबवता येईना, तर तो हट्ट समजू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत 2014 पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर फुकट, मराठीतही बोलता येतं. लोक काय म्हणतील म्हणून दिवस ढकलू नकोस.

आज रात्रीच सुरू कर. पहिले काही दिवस आदळआपट होईल. तू आवाज चढवू नकोस आणि नेमही सैल सोडू नकोस. एखाद्या दिवशी मोडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळायला लाग.