मामा तलावांच्या मुलखात

कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर अशी एकेक स्थानके मागे टाकत पूर्वेकडे धावते. प्रवास एका दिवसाहून अधिक वेळ चालतो, तरी गाडी महाराष्ट्राची हद्द ओलांडत नाही. ती जिथे शेवटी थांबते, ते गाव गोंदिया. एकदा तरी या गाडीने शेवटपर्यंत जा. आणि जाल तेव्हा नागपूर सुटल्यावर झोपू नका. खिडकीशी बसा.

तुमसर रोड स्थानक मागे पडले, की गाडीचा आवाज बदलतो. गाडी पुलावर आलेली असते. खाली वाळूचे रुंद पात्र आणि त्यातून वाहणारे पाणी दिसते. पावसाळ्यात आलात तर वाळू दिसणारच नाही. या काठापासून त्या काठापर्यंत गढूळ पाणी असेल. ही वैनगंगा. ती मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. पुढे तिला वर्धा नदी मिळते, दोघींची मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. तुमच्या डब्याखालून वाहणारे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला पोहोचणार असते.

पूल ओलांडला, की गोंदिया जिल्हा लागतो. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यात आठ तालुके आहेत. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. बाघ, पांगोली, चुलबंद, गाढवी अशा नद्या या जिल्ह्यातून वाहतात आणि आपापल्या वाटेने त्यांचे पाणी वैनगंगेला जाते. गाढवी या नावाला हसू नका. याच नदीवर इटियाडोहचे मोठे धरण आहे आणि तिच्या पाण्यावर तीन जिल्ह्यांतील धान पिकते.

पण या मुलखाची खरी ओळख नद्यांनी होत नाही. गोंदियाला उतरून अर्जुनी मोरगावकडे जाणारी बस पकडा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसतील. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेला शेताचा तुकडा. बांध्या संपल्या, की झाडी लागते. झाडी संपली, की तलाव. मग पुन्हा बांध्या आणि पुन्हा तलाव. कुठे कमळे, कुठे शिंगाड्याचे वेल, कुठे पाण्यात उभी असलेली म्हशींची रांग. शेजारच्या प्रवाशाला विचारा, "भाऊ, हा तलाव कोणता?" तो म्हणेल, "मामा तलाव आहे."

तुम्ही गोंधळाल. हा कोणाचा मामा? पुढच्या गावी विचारले, तरी हेच उत्तर मिळेल. एकट्या गोंदिया जिल्ह्यात असे हजाराहून अधिक मामा आहेत!

गंमत अशी, की हे कोडे तुम्हांला इतरांपेक्षा लवकर सुटेल. सरकारी कागदांत या तलावांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. त्याचे थोडक्यात रूप 'मा. मा. तलाव'. लोकांनी मधले टिंब काढून टाकले आणि तलावाला मामा केले. आता 'मालगुजार' हा शब्द पाहा. उर्दूत महसूल खात्याला 'महकमा-ए-माल' म्हणतात. 'गुजार' म्हणजे भरणारा, पोचता करणारा. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा तो मालगुजार. मराठी मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. तुम्हांला तो घरचा वाटेल. 'खरीप' आणि 'रब्बी' हेही तसेच. अरबीत 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबी' म्हणजे वसंत. या भागात कालव्यालाही लोक 'नहर' म्हणतात. पुण्याच्या माणसाला तो शब्द अडेल, तुम्हांला अडणार नाही.

आता एक प्रश्न मनात येईल. या भागात पाऊस तर भरपूर. वर्षाला साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर. मग तलाव कशाला हवेत? याचे उत्तर धानाच्या पिकात आहे. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. धानाचे दाणे भरतात ते त्यानंतर. त्या दिवसांत बांधीत पाणी नसेल, तर लोंबी पोकळ राहते. चार महिन्यांची मेहनत शेवटच्या एका पाण्यासाठी वाया जाते. ते शेवटचे पाणी तलाव देतो. येथील जमीन हलक्या उताराची. उतारावर आडवी पाळ घातली, की वरचे पाणी अडते. पाळीच्या पोटातून मोरी ठेवली, की खालच्या बांध्यांना हवे तेव्हा पाणी सोडता येते. यंत्र नाही, पंप नाही. पाणी आपल्या पायांनी शेतात जाते.

हे तलाव बहुतेक करून कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. त्या काळी येथे गोंड राजांचे राज्य होते. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, अशी राजांची रीत असल्याचे सांगतात. कोहळी लोकांची नजर मोठी पक्की. पाणी कुठून येईल, किती येईल, पाळ कुठे घालावी, जास्तीचे पाणी कुठून काढून द्यावे, हे ते जमिनीवरून चालत जाऊन ठरवीत. त्यांनी नकाशे मागे ठेवले नाहीत. तलाव मागे ठेवले.

त्यांतला सर्वांत नामांकित तलाव नवेगाव बांध येथे आहे. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. तेथे पोहोचाल तेव्हा प्रथम पाण्याकडे पाहू नका, डोंगरांकडे पाहा. डोंगरांच्या मधल्या वाटा पाळी घालून बुजवल्या आणि आतले पाणी अडवले. बाकीची भिंत डोंगरांचीच! हिवाळ्यात येथे दूरदेशींचे पक्षी उतरतात. याच भागात १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे २०१३ साली नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला.

वनाधिकारी मारुती चितमपल्ली या नवेगाव बांधला बरीच वर्षे होते. ते मूळचे सोलापूरचे. या मुलखात येऊन त्यांनी पक्ष्यांचा, माशांचा, झाडांचा अभ्यास केला आणि मराठीत पुस्तके लिहिली. 'पक्षिकोश' हे त्यांतलेच एक. पण त्यांनी हे ज्ञान केवळ पुस्तकांतून घेतले नाही. ते ढिवरांच्या होडीत बसले, गोंड वाटाड्यांबरोबर रानात हिंडले आणि त्यांच्या तोंडचे शब्द टिपून ठेवले. ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही, अशा माणसांचे कितीतरी शब्द त्यामुळे मराठी पुस्तकांत आले. २०२५ साली चितमपल्लींना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी जून महिन्यात ते वारले.

ढिवर म्हणजे तलावांवर मासेमारी करणारा समाज. त्यांच्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण तलावांची पुढची हकीकत त्यांच्याशी जोडलेली आहे.

१९५१ च्या सुमारास मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे गेले. हे योग्यच झाले. पाण्यावर एका माणसाची मालकी असू नये. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी उन्हाळ्यात तलाव आटला, की गाव मिळून गाळ काढी. तो गाळ गाड्या भरभरून शेतात टाकीत. शेताला खत मिळे आणि तलाव खोल राही. तलाव सरकारचा झाल्यावर लोक म्हणू लागले, "आता सरकार बघेल." सरकारकडे तलाव हजारोंनी. गाळ साचत गेला. काठाला 'बेशरम' नावाचे झुडूप माजले. त्याचे नावच त्याचा स्वभाव सांगते. कितीही उपटा, पुन्हा उगवते. बाहेरून आणलेले मोठे मासे तलावात सोडले गेले. त्यांतल्या गवत्या माशाने पाण्यातील वनस्पती खाऊन टाकल्या. वनस्पती गेल्या, तसे त्यांच्या आडोशाने अंडी घालणारे इथले मूळचे मासे कमी झाले. पक्षीही येईनासे झाले. तलाव दिसायला भरलेला, पण आतून ओसाड.

ही गोष्ट प्रथम कोणाच्या लक्षात आली? ज्यांचे पोट तलावावर, त्यांच्या. अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर स्त्री-पुरुषांनी काही तलाव पुन्हा जिवंत करण्याचे काम हाती घेतले. त्यांनी बेशरम मुळापासून खणून काढली. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होते. ते विचारून घेतले. मग उन्हाळ्यात तलावाचा कोरडा भाग नांगरला आणि जसे बांधीत धानाची रोवणी करतात, तशी तलावात पाणवनस्पतींची रोवणी केली! या कामात ढिवर स्त्रिया पुढे होत्या. काही वर्षांत तेथे मूळचे मासे वाढले, पक्षीही परतले. आजही सगळे मामा तलाव सुधारलेले नाहीत. तुमची बस ज्या तलावांजवळून जाईल, त्यांतले काही गाळाने भरलेले असतील. तलाव कोणता ते विचाराल, तेव्हा त्याची राखण कोण करतो, हेही विचारा. उत्तर देताना माणूस थांबला, तर समजून घ्या.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातच प्रतापगडची टेकडी आहे. तेथे जरूर जा. टेकडीवर महादेवाचे ठाणे आहे आणि तेथेच ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाने ओळखला जाणारा दर्गा आहे. महाशिवरात्रीला यात्रा भरते, दर्ग्याचा उरूस होतो. एक वाट चढून लोक दोन्ही ठिकाणी जातात. जवळच गोठणगावच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे. बर्फाच्या देशातून आलेली ही माणसे १९७२ साली या उष्ण मुलखात राहायला आली. उन्हाळ्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांजवळ जातो, याचा विचार करा! त्यांनी येथे शेती केली, प्रार्थनामंदिर बांधले. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सालेकसा तालुक्यात, कचारगडची प्रचंड गुहा आहे. गोंड लोकांचे ते श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात.

दिवाळीनंतर आलात तर तुमचे भाग्य. धान कापणीला आलेले असते आणि गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे येथे भाजीबाजार नव्हे. ती गावाची जत्रा. दिवसा दुकाने, पाळणे, दंडारीचा नाच, रात्री नाटक. या सगळ्या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात आणि येथील नाटकांना झाडीपट्टी रंगभूमी. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. गावातील प्रत्येक घरी पाहुणे आलेले असतात. थंडीत गोधड्या पांघरून आजीपासून नातवापर्यंत सगळे मंडपात बसतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मुंबई-पुण्याची नाटके दोन-तीन तासांत संपतात, हे येथील माणसाला सांगितले तर त्याला ते अपुरे वाटेल. मलाही आता तसेच वाटू लागले आहे.

मंडईत उभे राहून कान द्या. कोणी झाडीबोली बोलतो, कोणी पोवारी, कोणी गोंडी, कोणी छत्तीसगढी, कोणी हिंदी. शाळेत येऊन मराठी शिकणारी मुले येथे घरोघरी आहेत. तेव्हा बोलताना तुमचे एखादे क्रियापद चुकले, तर लाजू नका. ऐकणारा स्वतःही तसाच शिकलेला असण्याचा संभव आहे.

परतण्याआधी एक संध्याकाळ मात्र बांध्यांसाठी राखून ठेवा. सारस पाहायचा आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत हा जगात सर्वांत उंच. अंग राखी, मान आणि डोके लाल, उंची जवळजवळ माणसाएवढी. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतच उरला आहे आणि तोही मोजकाच. तो जोडीने राहतो आणि घरटे पुष्कळदा धानाच्या बांधीतच बांधतो. घरट्यासाठी तो उभे धान मोडतो. शेतकऱ्याचे नुकसान होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पूर्वी त्यामुळे काही जण घरटे मोडत. मग निसर्गप्रेमी तरुण गावोगावी फिरले, शेतकऱ्यांशी बोलले. आता अनेक शेतकरी घरट्याच्या बाजूने जाताना वाट वाकडी करतात, कुत्र्यांना हाकलतात आणि पाहायला आलेल्यांना दूर उभे करतात. तुम्हांलाही असाच एखादा शेतकरी बांधावर अडवील. रागावू नका. तो हात करून दाखवील तिकडे पाहा. हिरव्या धानात दोन लाल माना दिसतील.

स्वाध्याय

१. 'मामा तलाव' हे नाव कसे पडले?
२. भरपूर पाऊस पडूनही या भागात तलाव का बांधले गेले?
३. तलाव सरकारकडे गेल्यावर गाळ का साचू लागला? तुमचे मत लिहा.
४. या पाठातील उर्दूत असणारे सहा शब्द शोधा. त्यांचा मराठीतील अर्थ उर्दूतल्यासारखाच आहे का, ते सांगा.
५. तुमच्या गावातील एखादा तलाव, विहीर किंवा बावडी पाहा. ती कोणी बांधली हे मोठ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहा.