अर्जातलं एक विशेषण

करकंब, ता. पंढरपूर

चि. भाचीबाईंस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा नोकरीचा अर्ज वाचला. इंग्रजी सफाईदार आहे, पण ‘आय ॲम व्हेरी फसी अबाउट डिटेल्स’ हे वाक्य आधी काढून टाक. द्राक्षांची प्रत तपासायला बारीक नजर लागते, कबूल. पण फसी म्हणजे जिचं कशानंच समाधान होत नाही ती. पंगतीत बसून प्रत्येक पदार्थाला नाव ठेवणारा पाहुणा असतो ना, तो फसी!

तुला बहुधा मेटिक्युलस म्हणायचं होतं. हातातलं काम काटेकोरपणे करणारी. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली भीती आहे, हे मला फार आवडतं. पूर्वी त्याचा अर्थच भित्रा असा होता. आज मात्र ती शाबासकी आहे. याच्या आसपासचे आणखी शब्द बघ. ऑब्झर्व्हंट माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही. पर्सेप्टिव्ह माणूस समोरच्यानं न बोललेलंही ओळखतो. स्क्रूप्युलसमध्ये काटेकोरपणाच्या जोडीला सचोटी येते, म्हणून तो हिशेबनिसाला शोभतो. निटपिकर मात्र उवांच्या लिखा वेचत बसल्यासारखा खुसपटं काढतो. ते कुणाला तोंडावर म्हणू नकोस.

मोल्सवर्थनं सुरू केलेला आणि कँडीनं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. तेव्हापासून आपण कोशात अर्थ शोधतोय. पण अर्थ कळला तरी बोलणारा कौतुक करतोय की वैतागलाय, हे कोशावरून नेहमी कळतंच असं नाही. तू द्राक्षांची गाडी थांबवून पेटी उघडायला लावलीस, तर साहेब तुला मेटिक्युलस म्हणेल आणि ड्रायव्हर पर्निकेटी, म्हणजे नसती किरकिर करणारी. काम तेच. आपल्याकडे नाही का, आईला जी चोखंदळ वाटते तीच सासूला चिकित्सक वाटते?

म्हणून माझं ऐकशील तर स्वतःला कुठलंच विशेषण लावू नकोस. मार्चात तू आपल्या बेदाणा शेडवर होतीस. रॅकवर थॉमसन द्राक्षांचा माल टाकलेला, आम्हाला सगळा सारखाच दिसत होता. पश्चिमेच्या कडेचा तेवढा तांबूस पडतोय, हे तू पाहिलंस आणि शेडनेटची फाट शोधून काढलीस. थेट ऊन लागलं की बेदाण्याचा हिरवेपणा जातो आणि सौद्यात भावही जातो. हे चार साध्या वाक्यांत लिही. काय दिसलं, कशावरून ओळखलंस, पुढे काय केलंस. वाचणारा काय ते विशेषण स्वतःच लावेल, आणि मुलाखतीत विचारलंच तर तुझ्याकडे सांगायला काहीतरी असेल.

मामीनं बाजार आमटीचा मसाला बांधून ठेवलाय, येशील तेव्हा ने. आणि हो, कंपनीच्या नावाचं स्पेलिंग पहिल्या पानावर एक आहे, दुसऱ्या पानावर भलतंच. तेवढं बघ.

तुझा,
मामा